गिरणीवरचं इंग्रजी

आमच्या रविवारच्या क्लासातून इंग्रजी किती बाहेर पडलं, ते विचारू नका. किस्से मात्र भरपूर बाहेर पडले. आता कुणाच्या लग्नात दोन क्लासवाले शेजारी जेवायला बसले, की वाढपी जिलबी घेऊन उभा राहतो आणि यांचं आपलं, "ते सातपुत्यांचं लिफ्टमधलं सांग ना!" हे चालूच. परक्या माणसाला वाटतं, ही मंडळी आठवड्यातून एकदा बसतात. बसायचो खरं, पण समोर फळा असायचा.

क्लास पुण्याजवळच्या चांदे गावात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी हलायची, फळा थरथरायचा, आणि शेजारच्याला ऐकू जायचं तर ओरडावंच लागायचं. त्यामुळं आम्ही सगळे इंग्रजी एकाच पट्टीत शिकलो. वरच्या.

शिकवायच्या बिराजदार मॅडम. लातूरकडच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. मुलगा महेश हिंजवडीत मॅनेजर, म्हणून त्या इकडं आल्या, आणि दुपारी झोप येत नाही म्हणून क्लास काढला. मी मूळचा परभणीचा. कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. क्लायंटच्या कॉलवर माझ्या तोंडून 'हॅलो' आणि 'बाय' यांच्या मधलं काही निघत नव्हतं, म्हणून मी जायला लागलो.

मॅडमचा एक नियम होता. इंग्रजी शब्द एकटा पाठ करायचा नाही, तो कुणाकुणाबरोबर हिंडतो ते बघायचं. महिन्याला एक शब्द घेऊन त्या तो फळ्याच्या मधोमध लिहायच्या आणि भोवती त्याचे सोबती मांडायच्या. मग त्या जोड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. प्रत्येकानं एक उचलायची आणि पुढच्या रविवारच्या आत ती जिवंत माणसावर वापरून यायची. साक्षीदारासमोर! वापरली नाही, तर त्या दिवशी चहा नाही.

*

त्या महिन्याचा शब्द होता 'नोटीस'.

आपल्याला नोटिसा दोनच ठाऊक. एक कोर्टाची, दुसरी सोसायटीच्या बोर्डावरची. मॅडमनी बघता बघता फळा भरून टाकला. नोटीस लावतात, नोटीस बजावतात, एखादी गोष्ट साहेबांच्या नोटीसमध्ये आणतात, एखाद्या माणसाची नोटीसच घेत नाहीत म्हणजे त्याच्याकडं लक्ष देत नाहीत, आणि माणूस नोकरी सोडतो तेव्हाही देतो ती नोटीसच. शिवाय ऐनवेळी बोलावलं तर 'अॅट शॉर्ट नोटीस', आणि पुढं कळवेपर्यंत म्हणजे 'अंटिल फर्दर नोटीस'.

सोनाबाईंनी हात वर केला. सोनाबाई म्हणजे धनगरवाड्यावरच्या, शेरडं राखणाऱ्या. कॉलेजची परप्रांतीय पोरं रस्त्यात शेरडांबरोबर फोटो काढतात आणि काय बोलतात ते कळत नाही, म्हणून त्या क्लासला यायच्या.

"मॅडम, दुसरा शबुद घ्या की. आमच्यात नोटीस आली की आदी सासरा आजारी पडतो, मग पाकीट उघडत्यात."

आम्ही हसलो. मॅडमही हसल्या, आणि हसता हसताच म्हणाल्या की बदलून चालणार नाही, कारण आपला हा शेवटचाच शब्द आहे. महेशची बदली बंगळूरला झाली होती. महिनाअखेर सगळं घर हलणार होतं आणि घराबरोबर मॅडमही.

खाली गिरणी बंद होती, त्यामुळं सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं. मला तर पायाखालची फरशी पुन्हा हलल्यासारखी वाटली. त्या क्लासशिवाय माझा रविवार म्हणजे फक्त कपडे धुणं होतं.

सोनाबाईंनी सरळ विचारलं, "तुमी व्हय म्हनला?"

मॅडम डस्टर झटकत म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही हो. तिकीट काढलंय, एवढं सांगितलं."

आणि त्यांनी डबा पुढं केला.

*

पहिली चिठ्ठी सातपुत्यांनी उचलली. सातपुते जवळच्याच एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर. त्यांना मिळालं 'पुट अप अ नोटीस', म्हणजे नोटीस लावणं.

सोपं होतं. बोर्ड त्यांच्या ताब्यात, टाचण्या त्यांच्या ताब्यात. अडचण एकच होती की त्या आठवड्यात कळवण्यासारखं काहीही घडलं नव्हतं. पाणी येत होतं, लिफ्ट चालत होती. सातपुते गुरुवारपर्यंत काहीतरी बिघडायची वाट बघत राहिले. शुक्रवारी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी चारही लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरांत इंग्रजीत नोटीस लावली: एव्हरीथिंग इज ओके.

पहिल्या तासातच सोसायटी हादरली!

सगळं ठीक आहे, असं लिहायची वेळ का आली? ग्रुपवर कुणीतरी विचारलं, रात्री नक्की काय झालं होतं? दुसऱ्यानं बिबट्याची शंका काढली. तिसऱ्यानं सांगितलं की त्याला पहाटे आवाज आला होता. बायकांनी पाणी भरून ठेवलं, दोन घरांतल्या मुलांना शाळेत पाठवलं नाही. सेक्रेटरी धावत खाली आले. त्यांनी सातपुत्यांना फैलावर घेतलं आणि लोक शांत होतील असं काहीतरी त्या नोटिशीत ताबडतोब घाला म्हणून सांगितलं.

सातपुत्यांना मॅडमचा फळा आठवला. एका नोटिशीत दोन जोड्या बसल्या तर मॅडम खूश होतील, असंही त्यांना वाटलं. त्यांनी पेन काढून खाली एक ओळ वाढवली. आता नोटीस झाली: एव्हरीथिंग इज ओके अंटिल फर्दर नोटीस.

त्या दिवशी संध्याकाळी तीन कुटुंबं गावी गेली.

*

माझ्या वाट्याला आलं 'अॅट शॉर्ट नोटीस'.

आमच्या क्लायंटकडची बाई फार सभ्य. आम्ही एक चूक महिनोन्महिने त्यांच्या नजरेला आणून देत होतो आणि त्या दर वेळी "वी विल लुक इन टू इट" असं गोड बोलून विसरत होत्या. बुधवारी कॉल अचानक ठरला, त्या ऐनवेळी हजर झाल्या, आणि मला वाटलं, आपली वेळ आली. साक्षीदार म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मित्राला खूण केली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "थँक यू फॉर जॉइनिंग अॅट शॉर्ट नोटीस!"

म्हणालो म्हणजे गिरणी चालू असल्यासारखं म्हणालो. मला इंग्रजी दुसऱ्या आवाजात येतच नव्हतं. आमचा मजला उठून उभा राहिला. मॅनेजर काचेच्या केबिनमधून बाहेर आला. पडद्यावर त्या बाईंनी हेडफोन कानापासून लांब धरलेले दिसले.

मग त्या हळूच म्हणाल्या, "आय अंडरस्टँड धिस इज सीरियस."

ती चूक त्याच दिवशी दुरुस्त होऊन आली. आता अवघड कॉल असला की मॅनेजर मलाच पुढं बसवतो. बढतीच्या फॉर्मवर त्यानं माझ्या नावापुढं लिहिलंय, स्ट्राँग कम्युनिकेशन.

*

सोनाबाईंची चिठ्ठी सगळ्यात अवघड. 'टेक नो नोटीस', म्हणजे लक्षच द्यायचं नाही.

सोनाबाईंचा आवाज लवळ्याच्या डोंगरावरून खाली चांद्याच्या चौकात ऐकू येतो. त्यांची शेरडं डोंगराला चरायला जातात आणि तिथं एका कॉलेजच्या मागच्या गेटावर एक बिहारी वॉचमन असतो. रोज सकाळी शेरडं कुंपणाला लागली की तो हिंदीत ओरडणार आणि या मराठीत ओरडणार. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, तरी हे भांडण बऱ्याच वर्षांचं होतं.

त्या सोमवारी वॉचमन ओरडला. सोनाबाईंनी तोंड मिटलं, शेरडांकडं वळून "टेक नो नोटीस" म्हणाल्या, आणि निघून गेल्या. मंगळवारी तेच. बुधवारी वॉचमननं ओरडून झाल्यावर जरा वाट बघितली. गुरुवारी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ ओरडला, पण त्यात दम नव्हता.

शुक्रवारी तो धनगरवाड्यावर विचारत विचारत घरी आला. हातात सफरचंदं! सुनेला हिंदीत म्हणाला, अम्मा की तबीयत खराब है क्या, चार दिन से कुछ बोल नहीं रहीं.

तेव्हापासून शेरडांना गेटाच्या आतल्या नळावर पाणी मिळतं. भांडण पुन्हा सुरू झालंय, पण आता चहा पिऊन.

रविवारी मॅडमनी हरकत घेतली. वाक्य वॉचमनला उद्देशून नव्हतं, शेरडांना होतं, आणि नियम जिवंत माणसाचा आहे. सोनाबाईंनी त्यावर एवढंच विचारलं, की वॉचमन सफरचंदं घेऊन आला तो जिवंत न्हवता का? चहा मिळाला.

*

कविताचा किस्सा छोटा आहे. कविता लवळ्याच्या एका हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये काउंटरवर असते. आमची गिरणी आणि क्लासची खोली तिच्या सासूबाईंची. रविवारचा चहाही त्यांच्याच घरातला.

कॅन्टीनमधला धूर बाहेर ओढणारा पंखा केव्हाचा बंद पडला होता. कविता मालकाला मराठीत सांगून सांगून थकली. तिला चिठ्ठी मिळाली 'ब्रिंग टू युवर नोटीस'. दुपारी पोरांची रांग दारापर्यंत गेली असताना तिनं मालकाला हाक मारली आणि गिरणीच्या आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, पंखा त्याच्या नोटीसमध्ये आणून दिला. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी मोबाइलवर शूटिंगही केलं.

पंखा संध्याकाळी लागला. दुसऱ्या दिवशी काउंटरच्या आत, फक्त कामगारांना दिसेल असा, एक बोर्डही लागला: तक्रार मराठीतच करावी.

*

महिना असा हसत हसत संपत आला, पण दर रविवारी उठताना कुणीतरी मॅडमना विचारायचंच की जायचं नक्की का. मॅडम म्हणायच्या, सामान बांधायला घेतलंय. एकदा मला एकट्याला म्हणाल्या, "महेश चांगला आहे रे. बापामागं त्यानंच सगळं बघितलं. पण तो मला फ्रिजसारखं नेतो. नीट, काळजीनं, कापडात गुंडाळून."

त्या दिवशी रूमवर गेल्यावर मी माझ्या आईला फोन लावला आणि पुढच्या महिन्यात पुण्याला यायचंय का, असं विचारलं. ती म्हणाली, आज काय डोक्यावर पडलास का?

डब्यात एक चिठ्ठी मात्र राहिली होती. 'गिव्ह नोटीस', नोकरी सोडत असल्याचं कळवणं. ती उचलायचा कुणी, आणि परत टाकून दुसरी घ्यायचा. वापरायची म्हणजे नोकरीच जाणार. सातपुत्यांनी ती एक आठवडा खिशात ठेवली होती, लिफ्टच्या प्रकरणानं नोकरी तशीही जाईल असं वाटत होतं म्हणून. पण बायकोनं खिसा तपासला आणि ते रविवारी सर्वांत आधी येऊन चिठ्ठी परत टाकून गेले.

*

आता शेवटच्या रविवारचा. हा किस्सा आम्ही लग्नात सांगत नाही, कारण सांगताना कविता रडते आणि वधूकडच्यांना वाटतं काहीतरी बिनसलं.

त्या दिवशी सगळे लवकर आले होते. सोनाबाईंनी घोंगडी आणली होती. बंगळुरात थंडी असती म्हनं, असं म्हणून त्यांनी ती मॅडमच्या मांडीवर ठेवली. मॅडम तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. शिकवणं काही झालं नाही. कविताच्या सासूबाई स्वतः चहा घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, मागची खोली रिकामीच हाय, मॅडम तितं ऱ्हायल्या असत्या तर आमाला सोबत झाली असती. हे त्या महिनाभर म्हणत होत्या. मॅडम दर वेळी नको म्हणून मान हलवायच्या, तशी त्यांनी त्या दिवशीही हलवली.

मग सोनाबाईंनी डबा उचलला आणि मॅडमपुढं धरला.

"आमी समद्यांनी केलं. तुमी कवाच न्हाई उचलली."

मॅडम नको नको म्हणाल्या. पण नियम त्यांचाच होता आणि चहाही समोर होता. त्यांनी हात घातला. आत होतीच एक चिठ्ठी. त्यांनी ती उघडली, चष्मा वर केला, खाली केला आणि चिठ्ठी मिटून मुठीत धरली.

तेवढ्यात महेश जिना चढून वर आला. गाडी खाली उभी होती. बूट दारात काढायचे की नाही, या विचारात तो उंबऱ्यावर थांबला आणि आम्हा सगळ्यांना हसून नमस्कार केला. माणूस खरंच चांगला, तोंडावरूनच कळत होतं.

"आई, निघूया ना? ट्रक तासाभरात येईल."

खाली नेमकी गिरणी सुरू झाली. फळा थरथरायला लागला. मॅडम उठल्या, घोंगडी खुर्चीवर ठेवली, साडीचा पदर खांद्यावर सारखा केला आणि मुलाकडं बघून गिरणीच्या वर आवाज चढवून म्हणाल्या, "महेश, आय अॅम गिव्हिंग यू नोटीस."

सातपुत्यांच्या हातातला कप वाटेतच थांबला.

आता महेशच्या जागी दुसरा कुणी असता, तर हसला असता किंवा चिडला असता. पण महेशचं निम्मं आयुष्य माणसांच्या नोटिसा घेण्यात आणि त्यांना थांबवण्यात गेलेलं. त्याचा चेहराच बदलला. त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आई, आपण हे वन-ऑन-वन बोलूया का?"

"नको. साक्षीदार लागतो."

तो आत आला आणि पुढच्या बाकावर बसला. बोटांनी कपाळ चोळलं. मग त्यानं जे करायला घेतलं, ते त्याच्याही लक्षात येत नसावं. त्यानं कामाचा ताण जास्त होतोय का, असं विचारलं. स्वयंपाकाला बाई लावू म्हणाला. तिथं तिला स्वतंत्र खोली आहे, बाल्कनीसकट, हे सांगितलं. दर वर्षी लातूरला महिनाभर जाऊन ये म्हणाला. हवं तर बंगळुरातही असा क्लास काढून देतो, म्हणाला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मराठीत म्हणाल्या, "सगळं चांगलं आहे रे. हे तू महिन्याआधी विचारलं असतंस, तर मी कदाचित आलेही असते. आता मी इथं मागच्या खोलीत राहणार. तू सुट्टीला ये. मीही येईन, पाहुणी म्हणून."

महेश बराच वेळ बाकावरच्या पिठात बोटानं रेघा मारत बसला. डोळे भरले होते, पण ऑफिसची सवय काही सुटली नाही. मान वर न करताच त्यानं विचारलं, "रीझन फॉर लीव्हिंग?"

मॅडमनी आमच्याकडं बघितलं. मी, सातपुते, सोनाबाई, कविता, दारात किटली घेऊन उभ्या असलेल्या तिच्या सासूबाई.

"बेटर ऑपर्च्युनिटी," मॅडम म्हणाल्या.